अंगण खरोखरच वांकडें असेल तर?

गेल्या दिवाळींत माझ्या दोन भाच्यांमध्यें जुंपलेल्या एका वादाचा निवाडा करण्याचें काम माझ्याकडे आलें. थोरला अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत आहे. त्याच्याजवळ टेबलावरचा, पंखे घरघरणारा मोठा संगणक आहे. धाकटा अजून शाळेंत जातो. त्याच्या वांट्याला आईनें वापरून सोडलेला मोबाइल आलेला. दोघांनीं आपापल्या यंत्रांतील बुद्धिबळ खेळणाऱ्या आज्ञावलींची झुंज लाविली. एकाची खेळी दुसऱ्याच्या पटावर हातानें उतरवावयाची, आणि विचाराला दर खेळीस एक सेकंद, असा करार होता. दहा डावांपैकीं सहा थोरल्यानें जिंकले, उरलेले चार बरोबरींत सुटले. ‘माझा प्रोग्रॅम तुझ्यापेक्षां सरस’ हा थोरल्याचा दावा, ‘तुझा संगणक मोठा म्हणून’ ही धाकट्याची तक्रार, आणि त्या तक्रारीवर थोरल्यानें हाणलेला टोला असा: ‘नाचतां येईना, अंगण वांकडें!’ फराळाला जमलेल्या मंडळींत हंशा पिकला आणि धाकट्याचा खटला तेथेंच निकालांत निघाला. मीं मात्र दोन्ही यंत्रें मागून घेतलीं व त्यांचीं माहितीचीं पानें उघडून पाहिलीं. नांवें निराळीं, पटाचे रंग निराळे. परंतु दोहोंच्याही पोटांत बसलेली आज्ञावली एकच, आणि तीही एकाच आवृत्तीची: स्टॉकफिश. म्हणजे त्या दिवशीं नाचणारी एकच होती. एकदां ती फरशीवर नाचली आणि एकदां ढेंकळांत, इतकेंच.

घरांतला हा वाद चिवड्याच्या बशीवरच मिटला. परंतु हीच गफलत वृत्तपत्रांच्या स्तंभांतून, यंत्रें विकणाऱ्यांच्या जाहिरातींतून आणि, सांगावयास संकोच वाटतो, विद्वानांच्या निबंधांतूनही राजरोस चालू असतांना तिकडे काणाडोळा करणें मला योग्य वाटत नाहीं. अमक्या आज्ञावलीनें तमकीचा धुव्वा उडविला, असें मोठ्या अक्षरांत छापून येतें. कोणत्या यंत्रावर, किती वेळांत, किती स्मृति देऊन, हें एक तर छापलें जात नाहीं, किंवा कोठें तरी तळटिपेंत दडविलेलें असतें. माझें म्हणणें असें कीं, यंत्र आणि वेळ सांगितल्यावांचून सांगितलेलें बळ हें बळच नव्हे; तो नुसता आंकडा आहे, आणि पुष्कळदां तो बुद्धीचा नसून पैशाचा आंकडा असतो.

मी पदार्थविज्ञान शिकवितों. वहींत उत्तर म्हणून नुसतें ‘९.८’ लिहून मोकळा होणाऱ्या विद्यार्थ्याचे अर्धे गुण मी गेलीं पंचवीस वर्षें कापीत आलों आहें. बुद्धिबळांतील बळ मोजण्याचें जें माप आज जगभर चालतें, तेंही एका पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकानेंच घडविलेलें आहे. आर्पाद इलो हे हंगेरींत जन्मलेले गृहस्थ अमेरिकेंतील मिलवॉकी येथें अध्यापन करीत; त्यांची पद्धति जागतिक बुद्धिबळ संघटनेनें १९७० सालीं स्वीकारली. तिचें मर्म सोपें आहे. दोन खेळाडूंच्या मानांकनांत शंभरांचें अंतर असेल, तर वरच्यानें शंभर डावांत सुमारें चौसष्ट गुण मिळवावे. दोनशेंचें असेल, तर सुमारें शहात्तर. म्हणजे हें माप मुळांतच अंतराचें माप आहे. ज्या मेळ्यांत खेळाडू एकमेकांशीं खेळतात त्या मेळ्यापुरताच त्याला अर्थ. आज संगणकांच्या याद्यांच्या शिरोभागीं ३६०० च्या आसपासचे आंकडे दिसतात, आणि मॅग्नस कार्लसन याचा २०१४ सालचा उच्चांक २८८२ होता. एवढ्यावरून ‘यंत्र माणसापेक्षां सातशें गुणांनीं पुढें’ अशी वजाबाकी करणारे लोक पाहिले म्हणजे एका गांवच्या पायलीनें मोजलेले दाणे दुसऱ्या गांवच्या पायलीनें मोजलेल्या दाण्यांतून वजा करणाऱ्या वाण्याची आठवण होते. यंत्र पुढें आहे यांत शंका नाहीं. किती पुढें, हें त्या वजाबाकीनें कळत नाहीं. कारण यादींतील यंत्रें यंत्रांशींच खेळतात, आणि माणसें माणसांशीं.

यंत्राच्या वेगाचा बळाशीं संबंध काय, हेंही येथेंच सांगणें इष्ट. आज्ञावली पटावरील स्थितीपासून पुढच्या शक्य खेळ्यांचा वृक्ष उभारते, आणि फांद्यांच्या टोंकांशीं पोंचल्यावर कोणती स्थिति बरी व कोणती वाईट याचा अदमास घेते. यंत्र वेगवान म्हणजे त्याच एका मिनिटांत अधिक फांद्या, अर्थात् अधिक लांबची दृष्टि. केन टॉम्प्सन यांनीं अमेरिकेंत १९८० च्या सुमारास आपलें बुद्धिबळाचें यंत्र स्वतःशींच लढवून हें मोजून पाहिलें. एका बाजूस चार खेळ्या पुढचें पाहण्याची मुभा, दुसरीस पांच, मग पांच विरुद्ध सहा, असें वरवर. आज्ञावलींतील एक अक्षरही न बदलतां, दृष्टीची मजल एका खेळीनें वाढविली कीं सुमारें दोनशें गुणांची भर पडे. पुढें यंत्रें बळावलीं तसतशी ही भर ओसरत गेली. वेग दुप्पट केल्यास पन्नास ते सत्तर गुण मिळावे, असा एक ठोकताळा या क्षेत्रांतील लोक पुष्कळ वर्षें वापरीत आले. शिखरावरच्या आजच्या आज्ञावलींना, ज्यांचे सावकाश खेळलेले बहुतेक डाव बरोबरींतच सुटतात, तेवढेही मिळत नाहींत. आमच्या घरचे डाव झटपटीचे होते म्हणून ठोकताळा लावून पाहिला. थोरल्याच्या संगणकाचा वेग मोबाइलच्या आठपटींहून किंचित् अधिक भरला. म्हणजे तीन दुपटी, म्हणजे दीडशें ते दोनशें दहा गुण. दहांपैकीं आठ गुण मिळविणाऱ्यांतील आणि हरणाऱ्यांतील अंतर गणितानें दोनशें चाळिसांच्या घरांत येतें. दहाच डाव झालेले, तेव्हां एवढी तफावत सोडून द्यावी. अंगण किती वांकडें होतें, हें याप्रमाणें अंगुळांत मोजतां आलें.

आतां पूर्वपक्ष. आक्षेपक म्हणतील, कीं पटावर निकाल लागतो तो यंत्र आणि आज्ञावली या जोडीचा. अर्जुनाचा पराक्रम सांगतांना गांडीवाची किंमत कोणी वजा करतो काय? या उपमेबद्दल मी त्यांचा आभारी आहें, कारण ती त्यांच्यावरच उलटते. यादवांच्या नाशानंतर त्यांच्या स्त्रियांना घेऊन निघालेला अर्जुन तोच होता आणि गांडीवही तेंच होतें. तरी वाटेंत आभीरांनीं त्याला लुटलें. बदलला होता तो काळ. बुद्धिबळांतही अर्जुन, गांडीव आणि काळ या तिहींचा हिशेब एकत्र दिल्यावांचून पराक्रमाचा अर्थ लागत नाहीं.

आणि इतिहास काय सांगतो? आय. बी. एम. कंपनीच्या ‘डीप ब्लू’ यंत्रानें मे १९९७ मध्यें न्यूयॉर्क येथें गॅरी कास्पारोव्ह याला ३॥–२॥ असें हरविलें, तेव्हां त्या यंत्रांत बुद्धिबळासाठींच घडविलेल्या ४८० चकत्या होत्या आणि तें दर सेकंदास सुमारें वीस कोटी स्थिति तपाशी. या वीस कोटींचा तेव्हां एवढा डांगोरा पिटला गेला कीं, सामान्य वाचकास बुद्धिबळ म्हणजे केवळ मोजणी वाटूं लागली. परंतु त्याच्या दोनच वर्षें आधीं, १९९५ मध्यें हाँगकाँग येथील संगणकांच्या जागतिक स्पर्धेंत, याच डीप ब्लूच्या पूर्वावताराला ‘फ्रिट्झ’ या आज्ञावलीनें हरविलें होतें. आणि फ्रिट्झ चालत होती ती बाजारांत कोणालाही मिळणाऱ्या नव्वद मेगाहर्ट्झच्या पेंटियमवर. पुढें २००९ सालीं ब्वेनोस आयरेस येथें ‘पॉकेट फ्रिट्झ ४’ नांवाची आज्ञावली एका मोबाइलवर बसून माणसांच्या स्पर्धेंत उतरली आणि दहा डावांत साडेनऊ गुण घेऊन आली. त्या कामगिरीचें मोल २८९८ भरलें. हा मोबाइल सेकंदाला वीस हजारांहूनही कमी स्थिति पाही. वीस कोटी आणि वीस हजार! दहा हजारांचा भागाकार आहे हा. डीप ब्लूचें बळ किती आज्ञावलीचें आणि किती चकत्यांचें, हा प्रश्न तेव्हां कोणी विचारला असता तर त्याला ‘नाचतां येईना’ हेंच उत्तर मिळालें असतें. आतां तो विचारण्याची सोयही राहिलेली नाहीं. कारण सामन्यानंतर तें यंत्र पुन्हां स्पर्धेला उभें केलें गेलें नाहीं, आणि त्याचे भाग आज अमेरिकेंतील दोन संग्रहालयांत आहेत. सहा डावांवर एवढी मोठी कीर्ति उभी राहिलेली दुसरी गोष्ट माझ्या तरी पाहण्यांत नाहीं.

परंतु हे सर्व जुने कज्जे झाले. मला खरा राग आहे तो डिसेंबर २०१७ मधील प्रकरणाचा, आणि त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे. गूगलच्या ‘डीपमाइंड’ या संस्थेनें त्या महिन्यांत असें जाहीर केलें कीं, त्यांच्या ‘अल्फाझीरो’ या आज्ञावलीस बुद्धिबळाच्या नियमांखेरीज कांहींही शिकविलेलें नसतांना तिनें स्वतःशीं खेळून अवघ्या चार तासांत स्टॉकफिशला मागें टाकलें, आणि नंतरच्या शंभर डावांच्या सामन्यांत अठ्ठावीस जिंकले, बहात्तर बरोबरींत सोडविले व एकही गमावला नाहीं. जगभर एकच गजर झाला. माझ्या वर्गांतील मुलें मला विचारूं लागलीं, कीं सर, चार तासांत पंधराशें वर्षांचें ज्ञान हें खरें काय?

मूळ निबंध मीं त्या वेळीं वाचला. डाव अतिशय सुंदर होते, हें प्रथम सांगतों. मोहरें सोडून देऊन प्रतिपक्षाला हळूहळू गुदमरविण्याची ती रीति पाहून मी दोन रात्री नीट झोंपलों नाहीं. परंतु त्याच निबंधांत हेंही लिहिलें होतें कीं, स्वतःशीं डाव खेळण्याच्या कामीं ‘टीपीयू’ या खास चकत्या जुंपल्या होत्या त्या पांच हजार. पांच हजार चकत्या, चार तास. म्हणजे वीस हजार चकती-तास. एकाच चकतीवर हें काम टाकलें असतें तर सव्वादोन वर्षें लागलीं असतीं. पांच हजार गवंडी लावून चार तासांत वाडा उभा केला, तर कारागिरांच्या संख्येविषयीं मौन बाळगून तासांचेंच कौतुक करणें याला आमच्याकडे काय म्हणतात, हें मीं सांगावयास नको.

सामन्याची गोष्ट याहून नाजूक. अल्फाझीरो चार टीपीयूंवर बसली होती, स्टॉकफिश साधारण प्रोसेसरांच्या चौसष्ट धाग्यांवर. टीपीयू ही गूगलनें स्वतःसाठीं घडविलेली चकती. स्टॉकफिशला तिचा कांहींच उपयोग नाहीं, आणि अल्फाझीरोला साध्या प्रोसेसरांवर बसविलें तर तिचे पाय चिखलांत रुततील. तेव्हां यंत्रें निराळीं असणें अपरिहार्य होतें, याबद्दल मी दोष देत नाहीं. दोष आहे तो ज्या गोष्टी टाळतां आल्या असत्या त्यांचा. स्टॉकफिशला स्मरणासाठीं दिलेली जागा होती एक गिगाबाइट. ती आज्ञावली त्या यंत्रावर सेकंदाला सुमारें सात कोटी स्थिति पाहत होती, म्हणजे मिनिटास चारशें वीस कोटी. आणि एका गिगाबाइटांत मावणाऱ्या नोंदी सुमारें दहा कोटी. पाहिलेलें लगेच पुसावयाचें, पुन्हां तेंच पाहावयाचें, पुन्हां पुसावयाचें, अशी त्या बिचारीची गत झाली असली पाहिजे. शिवाय दर खेळीस बरोबर एक मिनिट, असा वेळेचा नियम ठेवला होता. सोप्या ठिकाणीं वेळ वांचवून अवघड ठिकाणीं तो खर्च करणें ही स्टॉकफिशची वर्षानुवर्षें घांसून केलेली एक कला. ती या नियमानें बाद झाली. आणि जी आवृत्ति समोर उभी केली, ती तेव्हां वर्षाची जुनी झालेली होती. स्टॉकफिशच्या मूळ कर्त्यांपैकीं तोर्ड रोमस्टाड यांनीं स्मृति व वेळ यांविषयींचे हे आक्षेप तेव्हांच मांडले. आणि त्यांनाही जगानें तेंच ऐकविलें, जें माझ्या भाच्यानें आपल्या भावाला ऐकविलें.

शंभरांत चौसष्ट गुण म्हणजे शंभर गुणांचें अंतर. आतां वर सांगितलेला दुपटींचा ठोकताळा आठवा. त्या उंचीवर तो पुरता लागूं पडत नाहीं, हें मान्य. तरीपण ज्या अंतरावर एवढा जयघोष झाला, त्यांतील कितीसें बुद्धीचें आणि कितीसें अडविलेल्या स्मृतीचें, हें त्या पहिल्या निबंधावरून कोणालाही सांगतां आलें नसतें.

न्याय करावयाचा तर पुढचेंही सांगितलें पाहिजे. याच संस्थेनें वर्षभरानें, डिसेंबर २०१८ मध्यें, ‘सायन्स’ या नियतकालिकांत दुसरा निबंध प्रसिद्ध केला. या खेपेस स्टॉकफिशला चव्वेचाळीस कोअर आणि बत्तीस गिगाबाइट स्मृति दिली होती, आणि घड्याळ माणसांच्या सामन्यासारखें: सबंध डावास तीन तास व दर खेळीस पंधरा सेकंदांची भर. हजार डाव झाले. अल्फाझीरोनें १५५ जिंकले, ६ गमावले, बाकीचे बरोबरींत. म्हणजे अंतर शंभरांवरून सुमारें पन्नासांवर उतरलें. अल्फाझीरो सरस होती, हें खरें ठरलें. पहिल्या वेळीं दाखविली होती तेवढी नव्हती, हेंही खरें ठरलें. आणि त्या निबंधांत आणखी एक प्रयोग आहे, ज्याबद्दल मी त्या मंडळींचे सर्व जुने अपराध माफ करावयास तयार आहें. त्यांनीं अल्फाझीरोचा वेळ कमी कमी करीत नेला, आणि प्रतिपक्षाच्या एक-दशांश वेळांतही ती वरचढ राहते असें दाखविलें. हें वाक्य पाहा. यांत ‘किती पट वेळ’ हें माप आहे. हें वाचल्यावर संशयाला जागा फारच थोडी उरते. पहिल्याच दिवशीं हें छापलें असतें तर एवढा कोलाहल झाला नसता. पण मग कदाचित् एवढी प्रसिद्धिही झाली नसती.

येथें दुसऱ्या बाजूच्या लोकांचा समाचार घेतला पाहिजे. ते धाकट्या भाच्याचे वकील. त्यांचें म्हणणें, सर्वांना एकाच यंत्रावर बसवा म्हणजे झालें. ऐकावयास हें इतकें न्याय्य वाटतें कीं, जागतिक स्पर्धा भरविणाऱ्या संघटनेनें २००९ सालीं स्पेनमधील पँप्लोना येथें आठ कोअरांहून अधिक कोणी आणूं नये असा नियम करून पाहिला. त्यावर वाद माजला. आणि दुसऱ्या वर्षापासून वाटेल तें यंत्र आणण्याची एक स्पर्धा आणि सर्वांना सारखें यंत्र देणारी दुसरी, अशा दोन चुली झाल्या. तेव्हांच्या आज्ञावली निदान एकाच जातीच्या होत्या. पुढें अल्फाझीरोच्या धर्तीवर स्वयंसेवकांनीं ‘लीला’ ही आज्ञावली उभारली. ती चित्रांच्या कामासाठीं बनविलेल्या चकत्यांवर, म्हणजे ‘जीपीयू’ वर, खेळते. स्टॉकफिश साध्या प्रोसेसरांवर. दोघींना सारखें यंत्र द्यावयाचें तें कोणतें? इसापनीतींतील कोल्ह्यानें करकोच्याला पसरट ताटांत खीर वाढली आणि करकोच्यानें कोल्ह्याला उभ्या सुरईंत. दोन्ही यजमानांनीं पाहुण्याला आपल्यासारखेंच भांडें दिलें होतें, हें विसरूं नये. बरें, भांडीं निराळीं पण खीर सारखी, असें म्हणावें, तर सारखी कशानें? किंमतीनें म्हटलें तर बाजारभाव दर महिन्यास फिरतो. विजेच्या खर्चानें म्हटलें तर निकाल निराळा. कोणी एका चतुर मंडळीनें अल्फाझीरोच्या पहिल्या निबंधांतील दोन वेगांचें गुणोत्तर, सात कोटींस ऐंशीं हजार, म्हणजे ८७५ ला एक, हेंच प्रमाण मानलें आणि त्याला ‘लीला-गुणोत्तर’ असें नांव देऊन त्यावरून सामने तोलूं लागले. म्हणजे ज्या सामन्याच्या तोलाविषयीं वाद, तोच सामना तराजू! शिवाय ‘एक स्थिति पाहिली’ याचा अर्थ दोघींच्या घरीं एक नाहीं. लीला एका स्थितीपुढें बसून जेवढें काम करते, तेवढ्यांत स्टॉकफिश शेंकडों स्थिति चाळून होते.

मग खरें मोजतां येतच नाहीं काय? येतें, आणि तें मोजणारीं माणसें बिनबोभाट मोजीतही आलीं आहेत. स्वीडनमधील हौशी लोकांच्या एका संघटनेनें, जेव्हां बुद्धिबळाचीं यंत्रें लांकडी पटासकट दुकानांत विकलीं जात होतीं त्या १९८० नंतरच्या काळापासून, तीं विकत घेऊन, घरोघर एकमेकांशीं लढवून, यादी प्रसिद्ध केली. तिच्या यादींत आज्ञावलीच्या नांवापुढें प्रोसेसरचें नांव आणि वेग असे. तीच आज्ञावली वेगवान प्रोसेसरवर गेली कीं तिची ओळ निराळी. कांहीं वर्षें त्यांनीं स्वीडनच्या खेळाडूंशींही हीं यंत्रें खेळविलीं, अशासाठीं कीं, आपली पायली माणसांच्या पायलीशीं जुळवून घ्यावी. एवढी साधी प्रामाणिकता, आणि तीही पगाराशिवाय! स्टॉकफिशचें घर याहून कडक. ती आज्ञावली २००८ सालीं तिघां मित्रांनीं काढली, कोणालाही फुकट मिळते, आणि तिच्यांतील प्रत्येक फेरफार २०१३ पासून स्वयंसेवकांनीं देऊं केलेल्या संगणकांवर पारखला जातो. जुनी व नवी आवृत्ति एकाच यंत्रावर, एकच आरंभ दोन्ही रंगांनीं, असे हजारों डाव. कोणाचें यंत्र मंद, कोणाचें वेगवान. म्हणून आधीं यंत्राचा वेग मोजतात आणि त्या प्रमाणांत घड्याळ सैल किंवा तंग करतात. हजार डावांनंतरही पंधरावीस गुणांची चूकभूल राहते हें त्यांना ठाऊक आहे, म्हणून दोन गुणांच्या सुधारणेसाठीं ते लाखांपर्यंत जावयास कंटाळत नाहींत. एका बाजूला ही मुंग्यांची चिकाटी आणि दुसऱ्या बाजूला पांच हजार चकत्यांचे चार तास; वर्तमानपत्रांनीं कोणाची पालखी उचलली, हें वाचकांस माहीत आहे.

निराळ्या जातींच्या आज्ञावलींसाठीं माझी सूचना अशी, आणि ती माझी एकट्याची नाहीं, कीं गुणांचा एकच आंकडा देण्याऐवजीं वेळेचें गुणोत्तर द्यावें: या यंत्रावरची ही, त्या यंत्रावरच्या तिच्याशीं, किती पट वेळ दिल्यास बरोबरींत येते? तालमींत जोड लावतांना वस्ताद जसें वजन पाहतो तसें हें आहे. यंत्रें सारखीं करण्याचा अट्टाहास नको, आणि निराळेपण लपविण्याचीही गरज नाहीं. यंत्राचें नांव, कोअर, स्मृति, घड्याळ, डावांची संख्या, आणि हें गुणोत्तर. दोन ओळींत मावण्यासारखें आहे.

कोणी विचारील, हा एवढा खल गृहस्थाश्रमी वाचकांनीं कशासाठीं ऐकावा? माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं मुलाच्या बुद्धिबळासाठीं सव्वा लाखाचा संगणक कर्ज काढून घेतला, कारण विकणाऱ्यानें त्यांना सांगितलें कीं, त्यावरचा प्रोग्रॅम ‘छत्तीसशेंचा’ आहे आणि मोबाइलवरचा ‘कमी’. मुलाचें मानांकन चौदाशेंच्या आसपास. या मुलाच्या डावांतील ज्या चुका त्याला दाखवावयाच्या आहेत, त्या घोडा फुकट सोडण्याच्या, शह न पाहण्याच्या आहेत. त्या त्याच्या आईच्या मोबाइललाही अर्ध्या सेकंदांत दिसतात. मोठें यंत्र त्याला विसावी खेळी अधिक अचूक सांगेल. मुलाची अडचण तिसऱ्या खेळीची आहे. त्या गृहस्थांना हें मीं सांगितलें तेव्हां ते म्हणाले, ‘प्राध्यापकसाहेब, आपल्या मुलाला कमी कां द्यावें?’ यावर मला उत्तर सुचलें नाहीं, आणि अजूनही सुचलेलें नाहीं. कारण प्रश्न यंत्राचा राहिलाच नव्हता. परंतु त्यांच्या मनांत ‘कमी’ हा शब्द पेरणाऱ्या त्या आंकड्याला मात्र मी क्षमा करणार नाहीं.

भाच्यांचें काय झालें, तें सांगून पुरें करतों. सुट्टीचे उरलेले दिवस दोघांना मीं एक वही दिली आणि मोबाइलला आठपट वेळ देऊन चाळीस डाव खेळावयास सांगितलें. धाकट्यानें सहा जिंकले, थोरल्यानें चार, तीस बरोबरींत. थोरला गोंधळला, आठपट वेग आणि आठपट वेळ यांत मोबाइल पुढें कसा? मीं त्याला समजाविलें कीं, त्याच्या संगणकाचा वेग पुष्कळ कोअरांत वांटलेला आहे, आणि आठ माणसें एकाच वृक्षावर चढलीं कीं कांहीं फांद्या दोनदां पाहिल्या जातात. शिवाय चाळीस डावांत दोनांचा फरक म्हणजे कांहींच नव्हे. धाकट्यानें सर्व अटी वहींत व्यवस्थित लिहिल्या आणि खालीं रेघ मारली. तेवढ्यांत थोरल्याच्या लक्षांत आलें कीं, मोबाइल तापला म्हणजे त्याचा वेग उतरतो, आणि धाकटा पहिल्या दिवसापासून तो पितळेच्या ताटलींत ठेवून पंख्याखालीं खेळत होता. ‘हें वहींत कुठें आहे?’ धाकट्यानें निमूटपणें खोडरबर घेतलें, रेघ पुसली आणि ‘पंखा, ताटली’ असे दोन शब्द वर लिहून पहिल्या डावापासून पुन्हां सुरुवात केली.